संगणकाच्या गाभ्यातील अखंड सेवक



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींची एक सवय आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. गणिताचे उत्तर बरोबर आले तरी ते का बरोबर आले, हे सांगितल्याखेरीज ते पुढचे उदाहरण फळ्यावर लिहीत नसत. आजचा विषय मी त्या सवयीला स्मरूनच निवडला आहे. संगणक आता बिदर-कलबुर्गीच्या खेड्यापाड्यांतील कचेऱ्यांत आणि शाळांत पोहोचला आहे. त्याने काय केले हे आपल्याला पडद्यावर दिसते. परंतु न दिसणारे जे काम त्याच्या आत सतत चाललेले असते, त्याविषयी मराठीतून फारसे बोलले जात नाही. त्या कामाचा परिचय करून देणे, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रारंभी एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी सीमाभागातील एका कचेरीत बसलो होतो. तेथील एका कारकुनाने सकाळपासून खपून विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीची यादी संगणकावर उतरविली होती. काम संपले, त्यांनी 'जतन करा' ही आज्ञा दिली आणि 'जतन झाले' असा संदेशही पडद्यावर उमटला. त्यानंतर दहा-पंधरा सेकंदांत वीज गेली. वीज परत आल्यावर पाहतात तो यादीची फाईल जागेवर होती, पण आत एक अक्षरही नव्हते. वरिष्ठांनी त्यांना बोल लावला. ते बिचारे खाली मान घालून म्हणाले, "माझ्याच हातून काहीतरी चुकले असेल." ते खरोखर चुकले होते काय? या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी आपल्याला संगणकाच्या गाभ्यापर्यंत जावे लागेल.

गाभा आणि त्याचे सेवक

देवळात जसा सभामंडप असतो आणि त्यापलीकडे गाभारा असतो, तशीच काहीशी संगणकाच्या कार्यप्रणालीची रचना असते. आपण वापरतो ते कार्यक्रम, म्हणजे पत्र लिहिण्याचा, हिशेबाचा, चित्रे पाहण्याचा, हे सारे सभामंडपात वावरतात. स्मृती, तबकडी, कळफलक, जाळे या यंत्रसामग्रीला प्रत्यक्ष हात लावण्याचा अधिकार मात्र गाभ्यालाच असतो. या गाभ्याला 'कर्नेल' असे म्हणतात. फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी 1991 साली प्रसिद्ध केलेला 'लिनक्स' हा असाच एक गाभा आहे. त्याची सारी संहिता कोणालाही वाचता येत असल्यामुळे पुढील विवेचनात मी त्याचाच आधार घेणार आहे.

सामान्यतः गाभा स्वतःहून काही करीत नाही. एखाद्या कार्यक्रमाने मागणी केली किंवा एखाद्या यंत्राने खूण केली, की तो तेवढ्यापुरता कामाला लागतो. तथापि काही कामे अशी असतात की ती करा म्हणून कोणीच सांगत नाही, आणि केली नाहीत तर मात्र सारे अडते. भरत आलेली स्मृती मोकळी करणे, लिहावयाचे राहिलेले तबकडीवर लिहिणे, एखादे काम अडकून तर पडले नाही ना यावर लक्ष ठेवणे, ही त्यांतली काही. यांसाठी गाभा आपले स्वतःचे सेवक नेमतो. त्यांना 'कर्नेल थ्रेड' म्हणतात; आपण त्यांना गाभ्याचे धागे म्हणू. लिनक्समध्ये चालू कामांची यादी मागविली, तर ही नावे चौकटी कंसात दिसतात. त्यांना स्वतःचे वेगळे स्मृतिक्षेत्र नसते. ते गाभ्याच्या घरातच राहतात आणि तेथील प्रत्येक दालनात त्यांना मुक्त प्रवेश असतो.

पडद्यामागे राबणाऱ्या अशा कामांना 'डीमन' हे नाव 1963 च्या सुमारास अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत पडले. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात एका विचारप्रयोगात रेणूंची अविश्रांत वर्गवारी करणारा एक काल्पनिक जीव मांडला होता. त्यावरून हे नाव घेतले गेले. आपोआप फितीवर फाइलींच्या प्रती काढून ठेवणे हे अशा पहिल्या सेवकांपैकी एकाचे काम होते. पुढे युनिक्स या कार्यप्रणालीत दर तीस सेकंदांनी 'राहिलेले लिहून टाका' अशी आठवण देणारा एक छोटा कार्यक्रम असे. तो सभामंडपात बसून गाभ्याला हाक मारी. कालांतराने अशी कामे गाभ्याच्या आतच नेण्यात आली. त्यामागे सबळ कारण आहे. स्मृती मोकळी करणारा सेवक बाहेर बसला आणि टंचाईच्या वेळी त्यालाच स्मृतीबाहेर काढावे लागले, तर त्याला परत आणण्यासाठी स्मृती हवी आणि ती मोकळी करण्यासाठी तो हवा! विहिरीचा दोरच विहिरीत पडावा, तशी ही गत होते. लिनक्समध्ये गाभ्याची संहिता स्मृतीबाहेर काढली जात नसल्याने हा पेच तेथे उद्भवत नाही.

'जतन झाले' याचा अर्थ

आता कारकुनांच्या यादीकडे वळू. तबकडीवर लिहिणे हे स्मृतीत लिहिण्याच्या मानाने अत्यंत मंद काम आहे. प्रत्येक वेळी तबकडीची वाट पाहावयाची तर संगणक बैलगाडीच्या गतीने चालेल. म्हणून कार्यक्रमाने 'लिही' म्हटले की गाभा तो मजकूर प्रथम स्मृतीतच ठेवून घेतो, त्यावर 'लिहावयाचे आहे' अशी खूण करतो आणि 'झाले' असे उत्तर देतो. प्रत्यक्ष लेखन मागाहून एक सेवक करतो. लिनक्समध्ये हा सेवक साधारणपणे दर 5 सेकंदांनी जागा होतो आणि 30 सेकंदांपेक्षा जुना झालेला मजकूर तबकडीकडे रवाना करतो. दुकानदार दिवसभर कच्च्या वहीत टिपणे करतो आणि रात्री पक्की खतावणी लिहितो, त्यातलाच हा प्रकार. कच्ची वही मात्र येथे पाण्यावर लिहिलेली असते. वीज गेली की ती पुसली जाते.

याचे मोठे उदाहरण 2009 साली घडले. लिनक्समध्ये फाइली ठेवण्याची 'एक्स्ट-4' नावाची नवी पद्धती 2008 अखेरीस प्रचलित झाली होती. तबकडीवर नेमकी जागा नेमून देण्याचे काम ही पद्धती शक्य तितके पुढे ढकलीत असे. त्यामुळे वेग वाढला; परंतु संगणक अकस्मात बंद पडला तर नुकत्याच लिहिलेल्या फाइली रिकाम्या सापडू लागल्या. आधीची 'एक्स्ट-3' ही पद्धती दर पाच सेकंदांनी नोंदी पक्क्या करीत असल्याने कार्यक्रमांतील हा कच्चेपणा वर्षानुवर्षे झाकलेला राहिला होता. खूप वादविवाद झाला. पद्धतीचे प्रमुख कर्ते थिओडोर त्सो यांचे म्हणणे असे, की मजकूर प्रत्यक्ष तबकडीवर गेल्याची खात्री हवी असेल तर कार्यक्रमाने 'एफ-सिंक' ही वेगळी आज्ञा दिली पाहिजे. ती दिल्यावर लेखन पूर्ण होईपर्यंत गाभा उत्तर देत नाही. तात्त्विक दृष्ट्या ते बरोबरच होते. तरीही सामान्य माणसाची अपेक्षा लक्षात घेऊन गाभ्यातही काही दुरुस्त्या करण्यात आल्या.

यावरून एवढे निश्चित होते, की 'जतन झाले' हे वाक्य गाभ्याच्या भाषेत 'मी जबाबदारी घेतली' एवढेच सांगते. कारकुनांनी आज्ञा योग्य दिली होती. कार्यक्रम रचणाऱ्याने खातरजमा करावयाची होती, आणि वीज बेभरवशाची असलेल्या मुलखात संगणकाला विजेचा राखीव पुरवठा असावयास हवा होता. दोष होता तो या दोन ठिकाणी.

निजण्याचे शास्त्र

सेवक अखंड असतो असे आपण म्हणतो. त्याची संहिता पाहिली तर तीत कधीही न संपणारे एक आवर्तन आढळते: काम पाहा, काम करा, पुन्हा काम पाहा. मात्र हा सेवक खरोखरच सतत 'काम आहे का, काम आहे का' असे पाहत राहिला, तर प्रोसेसरचा सारा वेळ त्या पाहण्यातच जाईल. सभामंडपातील कार्यक्रमाला ठरावीक वेळेनंतर बाजूला सारण्याची सोय पहिल्यापासून होती. परंतु गाभ्यात चाललेल्या कामाला मध्येच थांबविण्याची सोय लिनक्समध्ये 2003 अखेरच्या 2.6 या आवृत्तीपासून, तीही ऐच्छिक म्हणून आली. म्हणजे गाभ्यातला सेवक शिष्टाचार विसरला तर पूर्वी सारा प्रोसेसरच अडकून पडे. म्हणून चांगल्या सेवकाचे पहिले लक्षण असे, की काम नसताना त्याने झोपावे.

परंतु झोपावे केव्हा आणि उठावे केव्हा? स्मृती मोकळी करणाऱ्या 'केस्वॅपडी' या सेवकाचे उदाहरण घेऊ. मोकळ्या स्मृतीच्या पातळीवर तीन खुणा केलेल्या असतात: वरची, खालची आणि किमान. पातळी खालच्या खुणेपाशी उतरली की हा सेवक जागा होतो, आणि वरच्या खुणेपर्यंत नेऊन पुन्हा झोपतो. घरावरच्या पाण्याच्या टाकीत मोटार चालू आणि बंद करणारा तरंगता गोळा याच तत्त्वावर चालतो. दोन्ही कामांना एकच खूण ठेवली तर मोटार क्षणाक्षणाला चालू-बंद होत राहील. पातळी किमान खुणेखाली गेली, तर स्मृती मागणाऱ्या कार्यक्रमालाच सर्वसाधारणपणे ती मोकळी करण्याच्या कामाला जुंपले जाते. म्हणजे ज्याला तहान लागली त्यानेच दोर-पोहरा घेऊन विहिरीवर जावयाचे. संगणक एकाएकी अडखळू लागतो, त्याचे हे एक सामान्य कारण आहे.

झोपण्यात एक सूक्ष्म धोका आहे, आणि गुरुजींना तो निश्चित आवडला असता. समजा, शाळेचा शिपाई मुख्याध्यापकांच्या खोलीत डोकावतो. काम नाही असे पाहून तो झोपावयास वळतो. नेमक्या त्याच क्षणी मुख्याध्यापक मेजावर एक कागद ठेवतात आणि 'ऊठ रे' अशी हाक मारतात. शिपाई तर अद्याप जागाच आहे; तेव्हा हाक वाया जाते. मग तो जाऊन झोपतो. कागद मेजावर, शिपाई झोपेत, आणि मुख्याध्यापक 'हाक मारली आहे' या समाधानात! याला 'हरवलेली हाक' असे म्हणता येईल. मोठमोठ्या प्रणाली या एका चुकीने मुक्या होऊन पडतात, आणि ती चूक हजारातून एखाद्या वेळीच घडत असल्याने सापडता सापडत नाही.

यावरचा उपाय केवळ क्रम बदलण्याचा आहे. सेवकाने प्रथम 'मी झोपलो आहे' अशी स्वतःच्या नावापुढे नोंद करावयाची, आणि मग काम आहे की नाही ते पाहावयाचे. काम दिसले तर नोंद पुसून ते करावयाचे. न दिसले तर प्रोसेसर सोडून द्यावयाचा. या दोहोंच्या मध्ये हाक आलीच, तर हाक मारणारा ती नोंद बदलून 'जागा' अशी करतो. त्यामुळे सेवकाने प्रोसेसर सोडला तरी त्याची गणना जागलेल्यांत होते आणि यथावकाश त्याची पाळी येते. आधी पाहून मग नोंद केली तर हाक हरवते. आधी नोंद करून मग पाहिले तर हरवत नाही. दोन ओळींची अदलाबदल, पण सारी प्रणाली तीवर उभी आहे.

हाच प्रश्न महाराष्ट्रात, पुण्यात घडलेल्या एका यंत्राच्या पोटात निराळ्या रीतीने सुटलेला होता. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1988 साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि तिने 1991 साली 'परम 8000' हा महासंगणक सिद्ध केला. त्यात इंग्लंडच्या इनमॉस कंपनीचे 'ट्रान्सप्युटर' नावाचे प्रोसेसर होते. कोणते काम चालवावे आणि कोणते थांबवावे, हा निर्णय या प्रोसेसरच्या अंगातच घडविलेला होता. दोन कामांना परस्परांशी देवघेव करावयाची असली की जे आधी पोहोचे ते वाहिनीवर आपली ओळख नोंदवून झोपी जाई. दुसरे पोहोचताच देवघेव होऊन पहिले जागे होई. वाट पाहणाऱ्या कामावर प्रोसेसरचा वेळ खर्च होत नसे. उच्च प्राधान्याचे काम मात्र तेथेही स्वतःहून थांबेपर्यंत चालत राही. शिष्टाचार तेथेही आवश्यक होताच.

पंगतीतला एक वाढपी

सेवक मर्यादेत असले तरी त्यांचा भार किती असतो, असा प्रश्न आपण विचाराल. एका संगणकावर तो नगण्य असतो. अनेक संगणक एकत्र आले की काय होते, ते अमेरिकेतील लॉस अलामॉस येथील 'आस्की क्यू' या महासंगणकावर दिसून आले. त्यात 8192 प्रोसेसर होते, प्रत्येक गटात चार. शास्त्रज्ञांना एक विलक्षण गोष्ट आढळली. मोठ्या प्रमाणावर काम चालू असताना चारपैकी तीनच प्रोसेसर वापरले, तर गणित अधिक लवकर सुटे!

त्याचे कारण पंगतीच्या उदाहरणाने सहज कळेल. सर्वांची पाने वाढून झाल्याशिवाय पंगतीत कोणी घास घेत नाही. एक वाढपी अडखळला की सारी पंगत खोळंबते. या गणितातही प्रत्येक छोट्या टप्प्यानंतर सर्व प्रोसेसरांनी एकमेकांसाठी थांबावयाचे होते. समजा, एखाद्या प्रोसेसरवर हजार टप्प्यांतून एकदाच सेवक मध्ये येतो. एकट्याला त्याचे काहीच वाटणार नाही. पण प्रोसेसर 4096 असतील, तर एकही सेवक मध्ये न येण्याची संभाव्यता 0.999 चा 4096 वा घात, म्हणजे शंभरात जेमतेम दोन. शंभरातील अठ्ठ्याण्णव टप्प्यांत कोणी ना कोणी अडखळणारच! फाब्रित्सिओ पेत्रिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली हे शोधून मांडले. त्यांनी काही अनावश्यक सेवक काढून टाकले, काहींचा जागे होण्याचा अवधी वाढविला आणि काहींना एकाच ठिकाणी नेऊन बसविले. एकही नवे यंत्र न आणता त्या गणिताचा वेग सुमारे दुप्पट झाला.

सेवकांची संख्या आटोक्यात ठेवण्याची हीच दृष्टी लिनक्समध्येही आली. पूर्वी गाभ्याचा प्रत्येक विभाग आपले सेवक स्वतंत्रपणे, कित्येकदा प्रत्येक प्रोसेसरमागे एक असे नेमीत असे. तेजुन हो यांनी 2010 मध्ये सामाईक सेवकवर्गाची योजना आणली. काम घेऊन यावे, ते रांगेत ठेवावे. मोकळा असेल तो सेवक ते करील. संपूर्ण गावाने मिळून एकच खळे वापरावे, तशी ही व्यवस्था आहे.

थांबावे कसे, आणि पाहणाऱ्याला कोण पाहतो?

अखंड सेवकाला कधीतरी थांबवावेही लागते. सभामंडपातील कार्यक्रमाला बळाने बंद करता येते. गाभ्यातील सेवकाला तसे करता येत नाही, कारण त्याच्या हाती कोणत्या तरी दालनाची किल्ली असू शकते. किल्लीसह तो नाहीसा झाला तर ते दालन कायमचे बंद होईल. म्हणून त्याला केवळ विनंती करतात. प्रत्येक आवर्तनाच्या आरंभी तो 'मला थांबावयास सांगितले आहे काय' असे पाहतो, हातचे काम संपवितो, किल्ल्या परत करतो आणि मग निरोप घेतो. थांबविणारा तोवर वाट पाहतो. घाईने सेवकाची संहिताच स्मृतीतून काढून टाकली, तर त्याच्या पायाखालची जमीनच सरकते आणि संगणक कोसळतो.

सेवकच अडकला तर? त्यासाठीही पहारेकरी आहेत. एखादा प्रोसेसर सुमारे वीस सेकंद गाभ्यातील एकाच कामात गुंतून राहिला, किंवा एखादे काम 120 सेकंद न उठणाऱ्या झोपेत राहिले, तर त्यांची नोंद दप्तरात होते. ती वाचणारा माणूस मात्र हवा.

समारोप

बिदरजवळ नौबादचा करेज आपण पाहिला असेल. पंधराव्या शतकात, बहमनी अमदानीत जांभ्या दगडातून खोदलेला सुमारे तीन किलोमीटरांचा हा भुयारी कालवा वरून दिसत नाही. दिसतात ती केवळ ठरावीक अंतरावरची उभी विवरे. ती हवेसाठी आहेत, तशीच आत उतरून गाळ काढण्यासाठीही आहेत. दीर्घकाळ कोणी उतरले नाही, कालवा बुजला. गेल्या दशकात गाळ उपसल्यावर तो पुन्हा लोकांच्या नजरेस आला. गाभ्यातील सेवक आणि करेज यांत एक भेद आहे. करेजाचे पाणी उताराने अखंड वाहते, त्याला झोपावे लागत नाही. सेवकाला मात्र सर्वांच्या वाट्याचा प्रोसेसर वापरावयाचा असल्याने झोपणे हाच त्याचा धर्म आहे. साम्य एवढेच, की दोन्ही ठिकाणी वरून आत पाहता येईल अशी विवरे ठेवावी लागतात, आणि वेळोवेळी कोणीतरी आत उतरावे लागते.

येथून शिकून पुण्याला, हैदराबादला, बेंगळुरूला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी काहींनी तरी असे उतरणारे व्हावे. लिनक्सची संहिता सर्वांना खुली आहे. तिच्यासाठी ना देणगी लागते, ना शिफारस. आणि उतरून जे दिसेल ते परत येऊन आपल्या भाषेत सांगावे.

त्या कारकुनांना मी त्या दिवशी काहीच सांगू शकलो नाही, कारण मलाही ते ठाऊक नव्हते. पुढे उलगडा झाल्यावर मुद्दाम त्यांच्याकडे गेलो आणि 'जतन झाले' याचा अर्थ कागदावर रेघा ओढून समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, "म्हणजे तीस सेकंद थांबलो असतो तर यादी वाचली असती?" मी म्हटले, "बहुधा वाचली असती. परंतु थांबले पाहिजे हे तुम्हाला कोणी सांगितले नव्हते. चूक तुमची नव्हती."